ठोक्यावरची झोप

माझे सासरे दौलतराव गपाट. त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते मोशीच्या चौकात, सिग्नलला, टळटळीत दुपारी. तोवर लग्न होऊन मला त्या घरात वर्ष उलटून गेलं होतं.

गाडी मी चालवत होते. मामा शेजारच्या सीटवर ताठ बसले होते. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांचे डोळे तपासून आम्ही परत येत होतो. सिग्नलला शेजारी एक काळी जीप येऊन थांबली. आतल्या पोरांनी वूफर असा लावला होता की आमच्या गाडीचा आरसा थरथरायला लागला. मी वैतागून काचा वर केल्या. काचा वर गेल्या तसे गाण्याचे शब्द, हॉर्न, रस्त्यावरचा कालवा असं सगळं बाहेर राहिलं, आणि आत फक्त खालचा तो जाड आवाज तेवढा येत राहिला. धप्प... धप्प... कानाला नव्हे, सीटला लागत होता तो, मध्येच अंमळ रेंगाळत.

"बघा ना मामा, काय ही पोरं," म्हणत मी वळले. मामांची मान खांद्यावर कलली होती, ओठ सुटले होते, हात मांडीवरून घरंगळून सीटवर पडला होता. माणूस गाढ झोपला होता.

सिग्नल सुटला, जीप डावीकडे वळून गेली. आम्ही जरा पुढे आलो तोच मामांनी डोळे उघडले. बाहेरच्या बिल्डिंगांकडे, माझ्याकडे, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"प्रेस बंद पडला का?" त्यांनी विचारलं.

हे का मोठं होतं ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं. मामा मूळचे भूम तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या वयात भोसरीला आले आणि एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. काम असं, की पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, मागं सरायचं, दोन्ही तळहातांनी दोन बटणं एकदम दाबायची. मग वरून घराएवढ्या मशीनचा लोखंडी ठोकळा खाली उतरतो आणि सपाट पत्र्याचा गाडीचा एखादा भाग होऊन बाहेर येतो. पुन्हा पत्रा, पुन्हा बटणं. राहायची खोली कंपनीच्या भिंतीला लागूनच होती. मशीनचा प्रत्येक ठोका जमिनीतून त्या खोलीत यायचा. मांडणीतली ताटं दिवसरात्र किणकिणायची. सासूबाई, म्हणजे रुक्मिणीआत्या, अजून सांगतात की सुजितसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, पाळणा बांधला होता पण तो कधी हलवावा लागला नाही.

मामा रात्रपाळी करून यायचे, भाकरी खायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दिवसा सगळ्या भोसरीत गोंगाट, आणि हे घोरत पडलेले. फक्त गुरुवारी वीज बंद, कंपन्या बंद. त्या दिवशी त्यांचा डोळा लागत नसे. सुट्टीचा दिवस, म्हणून मन रमत नसेल, असंच सगळ्यांना वाटायचं. त्यांनाही.

मग निवृत्ती झाली. भोसरीची खोली सोडून सगळे मोशीच्या फ्लॅटवर आले, वरच्या मजल्यावर. तिथे खिडकीतून लांबवर इंद्रायणीकडचं हिरवं दिसतं, वारा येतो आणि शांतता असते. आत्यांना ती शांतता इतकी आवडली की त्या दारं सुद्धा हळू लावायला लागल्या. आणि मामांची झोप गेली.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं. "गोळीनं डोळं मिटत्यात," मामा म्हणायचे, "पण आत कुनीतरी जागंच ऱ्हातं." मी लग्न करून आले तेव्हा ते असे होऊन बसले होते की धड जागे नाहीत आणि धड झोपलेलेही नाहीत. चहाचा कप हातात घेऊन बाल्कनीत उभे राहायचे ते चहावर साय धरेपर्यंत. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचे, आणि संध्याकाळी तेच वाक्य पुढे सुरू करायचे. मला आधी वाटलं, स्वभावच असेल. काही माणसं अशी तरंगत जगतात.

सिग्नलची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा सुजित एकदम उठून उभा राहिला. "म्हणजे बाबांना ठोका पाहिजे! एवढंच ना? मग गाडीत बसवून टाकू की!"

गाडी माझी होती, छोटी हॅचबॅक. पण मी चाकणला कंपनीच्या बसने जाते, त्यामुळे ती आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभीच असते. मी हो म्हटलं. सुजितने ॲक्सेसरीजच्या एका दुकानातून बारा इंची वूफर बसवून आणला. डिकीत एक आटोपशीर काळी पेटी, आणि सीटखाली ॲम्प्लिफायर असा दणकट की त्याला बघूनच धाक वाटावा. दुकानदार म्हणाला होता म्हणे, पॉवरमध्ये कंजुषी करू नका.

मामांना मागच्या सीटवर बसवलं. सुजितने गाणं लावलं. काचा तडतडल्या, नंबरप्लेट झणझणली, पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. आवाज मोठा होता, पण तो खालचा नव्हता. छातीत बुक्की मारल्यासारखा वरवरचाच. मामांनी कपाळ धरलं.

"ह्यो ठोका न्हाई, बाळा," ते म्हणाले. "ही शिवी हाय."

सुजित हट्टी आहे. त्याला वाटलं, अजून खालचा सूर हवा म्हणजे अजून बेस वाढवावा. तो वाढवत गेला. आवाज आधी फाटला, मग घोगरा झाला, आणि पाठीमागून जळक्या वार्निशचा वास यायला लागला. नंतर वूफर मुका झाला तो झालाच. आतली कॉइल जळाली होती. मामा दार उघडून उतरले आणि सुजितच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. चांगलं मनात आनलंस ना." सुजित पार्किंगच्या खांबाला टेकून कितीतरी वेळ उभा होता.

आमच्या कंपनीतल्या एकाने मला दिपाली सांडभोरचं नाव सांगितलं. तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे येणाऱ्या रस्त्याला पत्र्याची एक शेड आहे, तिथे ती फक्त वूफरच्या पेट्या बनवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आणि मामा तिच्याकडे गेलो. शेडमध्ये भुशाचा आणि फेव्हिकॉलचा वास होता. खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक धूळ इतकी सावकाश तरंगत होती की आपणच पाण्याखाली आहोत असं वाटावं. दिपाली माझ्याच वयाची, केसांना रुमाल बांधलेली, कानामागे पेन्सिल खोचलेली.

"गाणी कुठली ऐकता, काका?" तिने विचारलं.

"गानी न्हाईत ऐकायची," मामा म्हणाले. "झोपायचंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. डिकी उघडून तिने ती जळकी पेटी बाहेर काढली, बोटांनी ठोकून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"वूफर बारा इंची, आणि त्याला खोली दिलीय बाथरूमएवढी," ती म्हणाली. "पेटीतली हवा असते ना काका, ती स्प्रिंगसारखी काम करते. वूफरचा पडदा मागे आला की तिला दाबतो, ती त्याला परत ढकलते. पेटी लहान असली की..."

"हवा कडक बसती," मामा म्हणाले.

दिपाली थांबली.

"प्रेसखाली कुशन असतंय, हवेचं," मामा सांगायला लागले. इतकी सलग वाक्यं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. "वरनं दाब आला की ते खाली बसतंय. त्याला हवेची टाकी जोडलेली असती. टाकी बारकी घेतली की कुशन दगडावानी व्हतंय, खाली जाईतच न्हाई. मोठी टाकी जोडली की मऊ, एकसारखं उतरतंय."

"अगदी तेच!" दिपालीने पेन्सिल काढली आणि तिथल्याच एका फळीवर दोन चौकोन काढले, एक लहान आणि एक मोठा. लहान चौकोनाला हात लावून म्हणाली, "ही कडक हवा. हिला हलवायला पॉवर जास्त लागते. एवढं करून सूर खाली उतरतच नाही. मग माणूस अजून पॉवर देतो, आणि कॉइल तापून जळते. आणि ही मोठी पेटी. हवा मऊ. थोड्या पॉवरवर पडदा खोल जातो, सूरही खोल जातो. पण इथं उलटं सांभाळायचं. हवा मऊ म्हणून पडद्याला आवरणारं कुणी नसतं. पॉवर जास्त दिली की तो हद्दीबाहेर जाऊन आपटतो."

"म्हंजी पेटी आनि पॉवर, दोघांची सोयरीक बघूनच लगीन लावायचं," मामा म्हणाले.

दिपाली खळखळून हसली. मग तिने मामांना ठोका कसा होता ते हाताने वाजवून दाखवायला सांगितलं. मामांनी टेबलावर तळहात ठेवले, डोळे मिटले. धप्प. मग बराच वेळ काही नाही. धप्प. ती ऐकत राहिली. "पेटी बंदच करू," ती म्हणाली. "हवेला भोक ठेवलं तर आवाज मोठा मिळतो, पण ठोका लांबतो, सैल पडतो. तुमचा ठोका येतो आणि संपतो."

माझी डिकी काही मोठी नव्हती. दिपालीने कडेकडेचे कोपरे, चाकांवरचे फुगवटे सगळं मापून डिकीच्या पोटाला नेमकी बसेल अशी पेटी केली, जाड एमडीएफच्या फळ्यांची, आतून आडवे दांडे मारून. आणि आत रजईत भरतात तसला पांढरा फायबर सैलसर भरला. त्याने हवेला जागा आहे त्याहून थोडी जास्त वाटते, म्हणाली. नवा वूफर लावला. सुजितचा दणकट ॲम्प मात्र तसाच ठेवला, आवाज अगदी कमी करून.

मामांसाठी तिने लॅपटॉपवर एक ठोका तयार केला. मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. कानाला जवळजवळ काहीच आलं नाही. पाठीला आलं. कुणीतरी लांबून, जमिनीच्या आतून, आपलं नाव न घेता आपल्याला हाक मारतंय असं वाटलं. मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हां. हा जमिनीतला हाय."

घरी आणल्यावर सुजितला राहवलं नाही. एवढा मोठा ॲम्प आणि एवढासा आवाज? त्याने थोडंच वाढवलं. दुसऱ्याच ठोक्याला डिकीतून 'टक्क' असा कोरडा आवाज आला. हाडावर हाड आपटावं तसा. मामा झोपाळल्या डोळ्यांनीच ओरडले, "सोड! ओव्हरलोड हाय!" आणि सुजितने घाबरून बटण बंद केलं. पुढच्या आठवड्यात दिपालीने तो ॲम्प काढून त्या पेटीला झेपेल असा बेताचा बसवला. इंजिन बंद ठेवून वाजवायचा तर बॅटरीलाही तोच बरा, म्हणाली. सुजित तो दणकट ॲम्प घेऊन गेला आणि कपाटावर ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

आता सगळं जुळलं होतं. मामा रोज जेवण झालं की उशी घेऊन खाली जायचे, गाडीच्या काचा अर्ध्या उघड्या ठेवायचे, मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे व्हायचे आणि ठोका लावायचे. आणि झोप यायची नाही.

त्यांनी हे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. आम्ही मनावर घेऊन केलं होतं ना. आत्यांनी ओळखलं. "डोळं मिटून पडत्यात नुसतं," त्या मला म्हणाल्या. "झोपलेल्या मानसाचं पाय येगळं दिसत्यात."

मी विचारलं तेव्हा मामा अवघडून म्हणाले, "ठोका बरोबर हाय गं. पर लई बरोबर हाय. घड्याळावानी. मानसाच्या हातचा न्हाई वाटत."

मी ते दिपालीला सांगितलं, तिला पटलं. यंत्राने एकसारखा टाकलेला ठोका होता तो. तिने लॅपटॉपवर अशी सोय केली की दोन बटणं एकदम दाबली तरच ठोका पडावा. मग मामांना शेडवर बोलावून म्हणाली, "तुम्हीच चालवा प्रेस." मामा स्टुलावर बसले आणि चालवू लागले. कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा. एखादा पत्रा वाकडा आल्यासारखा मध्येच हात थबकायचा. दिपालीने ते सगळं रेकॉर्ड केलं. ऐकताना मलासुद्धा वाटलं, हे जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन काचेतून पाहिलं. मामा आडवे होते, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचे दोन्ही तळहात छातीवर दाबले जात होते. पत्रा ठेवला, मागं सरले, दाबलं. पत्रा ठेवला, मागं सरले, दाबलं. कपाळावर घाम होता.

मी दार उघडलं. ते उठून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. आणि मग, कुणीतरी आतून दिवा लावावा तसा त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"आगं," ते म्हणाले, "हा तर माझा ठोका. मी तर कामावर हाय. कामावरचा मानूस झोपंल कसा?"

"मग?"

"मी झोपायचो तवा मशिनीवर उद्धव असायचा."

उद्धवराव गराडे. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामांचा जोडीदार. एकाच प्रेसवर दोघांच्या पाळ्या. सकाळी मामा मशीनवरून उठले की त्याच स्टुलावर उद्धवराव बसायचे, पुढच्या आठवड्यात उलट. इतकी वर्षं दोघांची रोजची भेट किती, तर हातमोजे काढून द्यायला लागतील तेवढी. मशीनच्या आवाजात बोलणंही होत नसे. उद्धवराव फक्त हाताने खूण करायचे, जा, झोप, मी हाय. मामा खोलीवर यायचे, आडवे व्हायचे. भिंतीतून उद्धवरावांचा ठोका यायला लागायचा. उद्धवराव पत्रा ठेवताना अंमळ रेंगाळायचे, तंबाखू मळायला थांबायचे, मग उशीर भरून काढायला पाच-सात ठोके भराभर घालायचे. मामांना झोपेतही कळायचं, आता तंबाखू झाली. आता भरलेला बिन बदलायला गेला. सगळं ठीक चाललंय.

निवृत्त झाल्यावर दोघांची गाठच पडली नव्हती. "सांगवीला लेकीकडं ऱ्हातो असं आयकलं हुतं," मामा म्हणाले. सुजितने जुन्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि संध्याकाळपर्यंत नंबर आला. फोन मामांनी केला. पलीकडचा आवाज मला हॉलमधून स्वयंपाकघरात ऐकू आला. प्रेसवर काम केलेली माणसं मोठ्यानेच बोलतात.

"गपाट? लेका, जिता हायेस व्हय! मला वाटलं गेला गावाकडं!"

मामांनी त्यांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. झोप, गाडी, पेटी. उद्धवरावांना कितपत कळलं कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, "तू म्हनतोस तर येतो. किती वाजता पाळी हाय?"

रविवारी आम्ही त्यांना सांगवीहून घेतलं. उंच, वाकलेले, पांढरी टोपी, हातात नातीने दिलेली पाण्याची गुलाबी बाटली. मामा आणि ते मागच्या सीटवर शेजारी बसले. मला वाटलं होतं, आता गप्पांचा पूर येईल. पण वाटेत उद्धवराव एकदाच बोलले, "उजेडात पहिल्यांदाच बघतोय तुला नीट. काळा हायेस." मामा हसले. नदीचा पूल गेला, भोसरी गेली, चाकणच्या कंपन्यांच्या लांबच लांब भिंती गेल्या. आरशात बघितलं तर दोघंही एकाच बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

दिपालीने स्टूल मांडून ठेवलं होतं. गाडी शेडच्या दारातच लावली, लॅपटॉपची वायर गाडीत सोडली. उद्धवराव स्टुलावर बसले, दोन बटणांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले.

"पत्रा कुठाय?"

"पत्रा नाही लागत, काका. नुसती बटणं दाबा," दिपाली म्हणाली.

"पत्र्याबिगर हात कसा चालंल, पोरी?"

दिपालीने क्षणभर विचार केला. मग कापून उरलेल्या एमडीएफच्या फळ्या गोळा करून त्यांच्या डाव्या हाताला रचल्या. उजव्या हाताला एक रिकामी पेटी ठेवली. उद्धवरावांनी टोपी नीट केली. मामांकडे बघितलं. मामा मागच्या सीटवर आडवे झाले होते. उद्धवरावांनी हात वर करून एक खूण केली. काय ते मला विचारावं लागलं नाही.

फळी उचलली, समोर ठेवली. मागे सरले. दोन तळहात. धप्प.

ठोका गाडीतून निघाला आणि शेडच्या जमिनीत उतरला. फळी उचलून पेटीत टाकली. दुसरी घेतली. धप्प. पहिले काही ठोके हात चाचपडत होते. मग ते हात आठवायला लागले. खांदे उतरले, मान जरा पुढे आली, आणि त्या म्हाताऱ्या अंगातून एक लय वर आली. अंमळ रेंगाळणारी. मी फळ्या पेटीतून काढून पुन्हा डावीकडे रचत होते. दिपाली हातातलं काम सोडून फळीवर बसली होती. उन्हातली धूळ प्रत्येक ठोक्याला जागच्या जागी किंचित हलायची आणि पुन्हा तरंगायची.

मध्येच उद्धवराव थांबले. खिशातून चंची काढली, तंबाखू मळली. ठोका बंद होता. मी गाडीकडे पाहिलं. मामा तसेच होते. तोंड जरा उघडं, एक पाय सीटखाली लोंबलेला. आत्या म्हणतात तसे ते पाय खरंच वेगळे दिसत होते. तंबाखू गालात सरकली, आणि मग भराभर, उशीर भरून काढत, ठोके सुरू झाले. मामा झोपेतच हसले.

पुष्कळ वेळ गेला. ऊन दारातून आत आलं आणि फिरून भिंतीवर चढलं. दिपाली हळूच म्हणाली, "काका, रेकॉर्डिंग पुरेसं झालंय. आता थांबलात तरी चालेल, तेच लावून देते."

उद्धवरावांनी मान हलवली, हात न थांबवता. "त्येची झोप हुंदे की. तवर पाळी माझी हाय."

मामा उठले तेव्हा उन्हं कलली होती. ते दार उघडून बाहेर आले, चेहऱ्यावर सीटच्या शिलाईची रेघ उमटलेली. कुठे आहोत ते कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळण्याची त्यांना घाईही नव्हती. "गावाकडं हुतो," ते म्हणाले. "ज्वारी उभी हुती, डोक्याएवढी. मी त्यातनं चाललोय. आन जमिनीखाली कुनीतरी काम करायलंय. मी म्हनलं, करू दे. आपन चालावं."

उद्धवराव तळहात एकमेकांवर चोळत होते. "हात भरले लेका," ते म्हणाले. "आता मला च्या पाज."

हे सगळं मागच्या हिवाळ्यातलं. आता मामा रोज दुपारी खाली जातात आणि झोपतात. बाहेरून गाडीजवळून गेलं तर काही ऐकू येत नाही. हात टेकवला तरच पत्रा आतून सावकाश धडधडताना कळतो. सोसायटीत आधी कुजबूज झाली, मग सवय झाली. "माझ्याशेजारी झोप येत न्हाई, डिकीशेजारी येती," आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, पण उशीचा अभ्रा त्याच दर आठवड्याला बदलतात. रात्रीची झोप पूर्ण आली असं नाही. थोडी येते. पण वाक्यं आता अर्धी राहत नाहीत, आणि बाल्कनीत उभे राहिले तरी चहा गरम असतानाच पितात. माझी डिकी कायमची गेली. भाजी, गिरणीचं दळण, सगळं पुढच्या सीटवर.

उद्धवराव कधीमधी सांगवीहून बसने येतात. मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला मामांचा ठोका हवा का? दिपालीकडून करून घेऊ, तुमच्या जावयांच्या गाडीत."

"मला?" ते म्हणाले. "मला कशाला? मी बसमधीबी झोपतो. हुभ्यानंबी झोपतो."

ते खोटं नाही. परवा चहाला बोलवायला मी खाली गेले तर गाडीत दोघंही होते. मामा मागे आडवे, आणि उद्धवराव ड्रायव्हरच्या सीटवर, टोपी डोळ्यांवर ओढून, हात स्टिअरिंगवर. त्यांचाच ठोका चालू होता, अंमळ रेंगाळत, आणि ते त्याला खुशाल सोडून घोरत होते. पार्किंगमध्ये वारा होता. खांबांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. मी दाराच्या कडीला हात घातला, तळव्याला तो ठोका लागला, आणि हाक मारायची राहूनच गेली.

मी शेजारच्या कट्ट्यावर टेकले. जरा वेळाने वरून आत्यांनी विचारलं, "आलं का गं ते?"

"येतील," मी म्हटलं. "तुम्ही तुमचा चहा घ्या."